हात तिचे, शब्द त्याचे

माझी सून दुभाषी आहे. ऐकू न येणाऱ्यांना दुसऱ्याचं बोलणं हातांनी सांगते. शाळेत मुलांना, आणि कुठे सभा असली की मंचाच्या कोपऱ्यात उभं राहून मोठ्यांनाही. रोज संध्याकाळी मी शेंगा सोलत बसते आणि ही तोंडाने बोलत, आरशासमोर हात चालवत असते. "अगं, माशा हाकलतेस का?" म्हणून मी चिडवायचे. ती आपली हसायची.

तर एका सभेत एक पुढारी बरळला, "एकेकाला चिरून काढू!" हिने मूठ आवळली, दातओठ खाल्ले, गळ्यावरून बोट फिरवलं. कुणा दीडशहाण्याने पुढारी छाटून फक्त हिचा तुकडा मोबाइलवर टाकला. आवाज बंद! खाली लिहिलं, "ही माथेफिरू बाई तुमच्या मुलांना शिकवते." झालं! दुपारपर्यंत गावभर. उठसूट साखर मागायला येणारी शेजारीण आम्हाला बघून दार लावायला लागली. माझ्या सख्ख्या भावाने विचारलं, "ताई, तुझी सून असल्या टोळीत कधीपासून?" त्याला असा फैलावर घेतला की पुन्हा फोन नाही केला मेल्याने.

शाळेने चौकशी लावली. नोकरी राहते की जाते, तिथेच ठरणार होतं. मीही गेले. मी काय कुणाच्या बापाला भिते? पालक जमले होते, त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांना सांगणार कोण? दुसरा दुभाषी बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग हीच उठली आणि स्वतःवरचे आरोप हातांनी सांगायला लागली. तक्रार करणारे गृहस्थ गरजले, "ही बाई विखारी आहे!" हिने तितक्याच त्वेषाने ते सांगितलं आणि बोट स्वतःकडे केलं. एक अक्षर गाळलं नाही हो! अभिमानाने माझा ऊर भरून आला.

"पण सभेत एवढा आवेश कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "जरा सौम्य करायचं."

"मी सौम्य केलं असतं तर ऐकू न येणाऱ्यांना तो माणूसच सौम्य वाटला असता, सर. तो किती जहाल आहे, हे कळायचा त्यांनाही हक्क आहे."

तेवढ्यात एका मुलीचा बाप उठला. सुतार, जन्मापासून ऐकू न येणारा. त्याचे हात चालू झाले आणि ही बोलू लागली, "मोबाइलवर त्या पुढाऱ्याचे हसरे फोटो बघून मी त्याला देवमाणूस समजत होतो. त्या दिवशी खरं काय ते दिसलं. मी सभेतून उठून आलो. ह्या बाई..."

आणि अडखळली. स्वतःचं कौतुक स्वतःच्या तोंडाने कसं करणार? कान लाल झाले. त्याचे हात मात्र चालूच होते.

मी ताडकन उभी राहिले. "मी सांगते! तो म्हणतोय, ह्या बाई आमच्याशी कधी खोटं बोलल्या नाहीत. त्यांना काढलंत तर आम्ही भरवसा कुणावर ठेवायचा?"

सून आ वासून माझ्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं माझं लक्ष काय नुसतं शेंगांकडे होतं?

अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाई, उद्या नेहमीच्या वेळेला या शाळेत." तक्रारवाले गृहस्थ मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले.

सुताराने मला हातांनीच विचारलं, तुम्ही हिच्या कोण?

सासूची खूण मला येत नव्हती. मी आईची केली.