माझ्या पाठीवर बावीस गावं

मी एक काळा टी-शर्ट आहे आणि स्वभावाने जळका आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. रंगाचा आणि स्वभावाचा संबंध नाही. काळा मी जन्मापासून आहे, जळायला नंतर लागलो.

एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. तिथे शिलाई मशिनींच्या चार रांगा होत्या. माझे खांदे जिने शिवले, ती बाई कानात कापसाचे बोळे घालून बसायची. छापणाऱ्याने जाळीच्या चौकटीवर शाई ओढली आणि माझ्या छातीवर पंख फुटलेली ऐरण उमटली. हेवी मेटल वाजवणाऱ्या एका बँडची ती खूण. त्यांना मानणारे लोक त्यांना प्रेमाने 'ऐरणवाले' म्हणतात. मग मला उलटा केला आणि पाठीवर, त्या वर्षी बँड जिथे जिथे वाजवणार होता त्या बावीस गावांची यादी छापली, तारखांसकट.

माझ्या शेजारी माझा भाऊ वाळत होता. एकाच कापडाचे, एकाच घाण्यातले आम्ही. तो एक माप मोठा, एवढाच काय तो फरक. खोक्यात तो वर आणि मी खाली, असे आम्ही गावोगाव फिरलो. फिरलो म्हणजे काय, ट्रकमध्ये पडून होतो. रोज संध्याकाळी खोक्याच्या पुठ्ठ्याला हादरे बसायचे. झाकण उघडायचं, वरचे दहा-वीस जण हसत बाहेर जायचे, झाकण बंद. पाठीवर बावीस गावं मिरवत होतो, पण त्यातलं एकही मी पाहिलेलं नव्हतं.

पंधराव्या गावात झाकण उघडलं आणि एक दणकट हात आत आला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा हात होता तो; नखांच्या कडेला ग्रीस, मनगटावर जुना ओरखडा.

"दोन द्या," तो म्हणाला. "एक मला. एक ताईला, तिला मीडियम."

माझ्या भावाला त्याने तिथल्या तिथे अंगात चढवलं. मला पिशवीत गुंडाळून सॅकमध्ये कोंबलं, टेस्टर, मोजे आणि अर्ध्या खाल्लेल्या बिस्किटपुड्याच्या सोबतीला. माझं जळणं सुरू झालं ते त्या क्षणी.

कार्यक्रम सुरू झाला. बाहेर माझ्या भावाला दिवे दिसत होते, धूर दिसत होता, लोकांचे खांदे लागत होते, घाम लागत होता. मला फक्त चेनच्या फटीतून आवाज येत होता, तोही बिस्किटांच्या वासासकट. ढोलांचा प्रत्येक ठोका सॅकच्या तळातून माझ्यापर्यंत यायचा आणि मला वाटायचं, तो आधी भावाच्या छातीवर बसला असणार, मला उरलासुरला मिळतोय.

ऐरणवाल्यांचं एक सतरा मिनिटांचं गाणं आहे. त्याला सगळे नुसतं 'मोठं गाणं' म्हणतात. ते सुरू झालं आणि नेमका तेव्हाच माझा माणूस मागे वळला. गर्दीतून वाट काढत तो बाहेरच्या बोळात आला, सॅक पायाशी ठेवली आणि चेनच्या फटीतून मला तो दिसला. त्याने फोन कानाला लावला, दुसऱ्या कानात बोट खुपसलं.

"उचल ना," तो पुटपुटला. "उचल की गं."

त्याने तीनदा लावला, चारदा लावला. आत मध्येच सगळं वाजणं थांबलं. मग हजारो माणसांचे नुसते गळे ऐकू आले, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो फोनकडे बघत होता. आत परतला तेव्हा गाणं संपलेलं होतं. फोन कुणाला होता, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचल्यावर मी माझ्या मालकिणीला पहिल्यांदा पाहिलं. ताई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. बोटांवर प्लास्टरची पांढरी भुकटी, केस घट्ट बांधलेले, डोळे झोपेविना लाल. ती आणि हा तिचा धाकटा भाऊ, या भावंडांनी लहानपणी एकच इअरफोन अर्धा अर्धा वाटून ऐरणवाल्यांची गाणी ऐकली होती. दोघांची तिकिटं सहा महिने आधी काढून ठेवली होती. आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याच्या हाडाला चीर गेली आणि ते अंथरुणाला खिळले. एकाला थांबणं भाग होतं.

"मी थांबतो," असं धाकटा म्हणाला होता म्हणे.

"तुला इंजेक्शन बघून चक्कर येते," ताई म्हणाली होती. "तू थांबशील आणि मला दोघांना सांभाळावं लागेल. जा तू."

तिने मला हातात घेतलं, अंगाला लावून बघितलं. "मस्त आहे," ती म्हणाली. मग तिची नजर भावाच्या छातीवर गेली. तिथे माझा जुळा होता, चुरगळलेला, घामाचे पांढरे डाग पडलेला, एका बाहीची शिवण उसवलेली. मी कोरा करकरीत. ती त्याच्याकडेच बघत राहिली. मला ती नजर लगेच ओळखू आली. घरचीच होती ना!

धाकटा दोन दिवस सांगत होता. गायकाने पाण्याची बाटली कशी उडवली, ढोलवाल्याची काठी मोडून पहिल्या रांगेत कशी पडली, शेजारच्या अनोळखी माणसाने याला उचलून कसं घेतलं. ताई बाबांची औषधं मोजता मोजता ऐकायची.

"आणि मोठं गाणं?" तिने विचारलं.

"वाजवलं की. एकदम कडक," तो म्हणाला आणि लगेच काठीच्या गोष्टीवर परत आला.

त्या आठवड्यात ताईने दोन कवळ्या प्रमाणापेक्षा जास्त घासल्या. दवाखान्यातून त्या परत आल्या.

दर रविवारी दुपारी ऐरणवाल्यांना मानणारी आमच्याकडची मंडळी एका गिटारवाल्याच्या दुरुस्तीच्या दुकानात जमायची. तारा, लाखेचा वास, भिंतीला टेकवलेल्या बिनमानेच्या गिटारी, आणि मध्ये स्टुलांवर पाच-सहा जण. एकाचं नावच 'बातमी' पडलं होतं. कुठल्या बँडचा ढोलवाला सोडून गेला, कुणाची नवी रेकॉर्ड कधी येणार, कुणाचा गायक घशाच्या ऑपरेशनला गेला, सगळं त्याला आधी कळायचं. आणि नाही कळलं तरी तो सांगायचाच.

ताई मला घालून गेली. धाकटा त्या दिवशी कामावर होता. एका हॉस्पिटलची लिफ्ट अडकली होती.

दुकानात एक नवा माणूस आला होता. टक्कल, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. शाळेत गणित शिकवणारे सर.

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हणजे तुम्ही होतात तर, आपल्या बाजूच्या त्या पंधराव्या कार्यक्रमाला?"

"होते ना," ताई म्हणाली.

दोनच शब्द. मी तिच्या अंगावर होतो, तिचं काळीज कसं धडधडलं ते मला कळलं. पण मागे फिरायच्या ऐवजी ती पुढेच गेली. बाटली, काठी, उचलून घेणारा माणूस, सगळं तिने सांगितलं. आणि काय सांगितलं! धाकट्याने जे चार वाक्यांत उरकलं होतं त्याचा तिने सोहळा केला. बातमी तोंड उघडं टाकून ऐकत होता. गिटारवाल्याच्या हातातली सोल्डरिंगची सळई तशीच तापत राहिली. मलाही क्षणभर वाटलं, की आम्ही दोघं पहिल्या रांगेत होतो. बरं वाटलं. खोटं नाही सांगत, फार बरं वाटलं.

"मीही होतो हो तिथे," सर आनंदाने म्हणाले. "मग मोठ्या गाण्यात आवाज बंद पडला, तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात? डावीकडे की उजवीकडे?"

ताईने माझी किनार ओढून सरळ केली.

"असं काय करता? वीज गेली ना! भोंगे बंद, गिटार बंद. आणि मग लोकांनी उरलेलं गाणं स्वतः म्हटलं, गायक नुसता हात जोडून उभा! सगळ्या कार्यक्रमात खरी तर तीच गोष्ट."

"मी... तेव्हा जरा बाहेर गेले होते," ताई म्हणाली.

"अरेरे," सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यामुळे तर तिला जास्तच लागलं.

घरी येताना ती इतक्या तरातरा चालली, की माझे काखेतले टाके ताणले गेले. धाकटा स्वयंपाकघरात हात धूत होता.

"वीज गेली होती हे मला का नाही सांगितलंस?"

"कुठली वीज?"

"मोठ्या गाण्यात! सगळ्यांनी मिळून गाणं म्हटलं. सगळ्यात महत्त्वाचं तेच तू लपवून ठेवलंस. स्वतःपुरतं! मी इथे बाबांचं भांडं धरून बसले होते, आणि तुला एवढंही वाटून घ्यावंसं नाही वाटलं?"

धाकट्याचा चेहरा उतरला. "मला नाही माहीत, ताई. मी आत नव्हतो."

"मग कुठे होतास?"

"बोळात. आत फोन लागेना, म्हणून तिथून तुला लावत होतो. म्हटलं, ते गाणं तरी तुला ऐकवावं. चारदा लावला."

मला एकदम सगळं उमगलं. ताईने ओट्याला हात टेकले.

"वाजत होता," ती म्हणाली. "तुझं नाव दिसत होतं. मी फोन पालथा घातला. मला वाटलं, चिडवायला करतोयस. तिकडचा तो गोंगाट मला ऐकायचाच नव्हता. इतकी जळत होते मी."

आतून बाबांचा आवाज आला. "तुम्ही भांडताय की तुमचं गाणं लावलंय? मला इथून फरक कळत नाही."

दोघांना हसू फुटलं. ताईचं हसणं मध्येच मोडलं आणि ती डोळे पुसायला लागली, माझ्याच बाहीला. बाबा पुन्हा म्हणाले, हळू आवाजात, "चूक माझ्या हाडाची आहे रे. एकमेकांना बोलू नका." धाकट्याने चहा टाकला आणि पहिला कप आत नेऊन दिला.

पुढच्या रविवारी दोघं मिळून दुकानात गेले. ताई स्टुलावर बसलीच नाही.

"सर, मी त्या दिवशी नव्हते. घरी होते. ऐकलेलं सांगितलं."

बातमी म्हणाला, "आयला! मग एवढं खोटं कशाला?"

"हेवा वाटत होता म्हणून. गेलेल्या सगळ्यांचा."

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला. "मला समोर एका उंच माणसाच्या पाठीशिवाय काही दिसलं नव्हतं," ते म्हणाले. "काठी पडली ते मला तुमच्याकडूनच कळलं. तुम्ही खोटं बोललात, पण सांगितलंत झकास."

"मग आता तुम्ही सांगा," धाकटा म्हणाला. "वीज गेल्यावरचं. आम्हा दोघांनाही ते माहीत नाही."

सर सांगायला लागले, पण गणिताच्या माणसाला ते जमेना. किती मिनिटं, किती माणसं, असलंच काहीतरी. शेवटी गिटारवाल्याने उठून ॲम्प्लिफायरची पिनच उपसली. "गाऊनच दाखवा ना," तो म्हणाला. सरांनी घसा खाकरला आणि बेसूर, पण पोटातून सुरुवात केली. बातमीने स्टूल बडवलं. धाकटा त्यांना येऊन मिळाला. ताई सगळ्यात शेवटी, पण ती मिळाल्यावर बाकीच्यांचे आवाज खाली गेले. रस्त्यावरचे दोघं-तिघं दारात येऊन थांबले, यांना काही झालंय का बघायला. त्या कोंदट दुकानात उकाडा मरणाचा होता आणि माझी पाठ पहिल्यांदा घामाने भिजली, बावीसच्या बावीस गावांसकट.

इथे मी सुधारलो असं सांगता आलं असतं तर छान झालं असतं. पण तसं नाही. त्याला आता सहा वर्षं झाली. माझा भाऊ लिफ्टच्या ग्रीसने माखून कधीच संपला. वाईट वाटलं, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं होतं, माझ्याकडे एक दुपार, हा हिशोब मला अजून खुपतो. माझी मान सैल झाली आहे, ऐरणीचा एक पंख गळून गेला आहे. बाबांना मी मऊ लागतो, म्हणून आता ते मला घालतात आणि काठी टेकत गच्चीत फेऱ्या मारतात. त्यांच्या अंगाला मलमाचा वास येतो. ते चालताना मोजतात आणि दर वेळी तिसाच्या पुढे चुकतात.

गेल्या महिन्यात ताई आणि धाकटा एका मोठ्या कार्यक्रमाला गेले. दोघंही. बाबांनीच त्यांना घराबाहेर हाकललं. ताई परत आली ती लाल टी-शर्ट घालून. तो तिच्यासोबत आत होता, पहिल्या रांगेत, तिच्या अंगावर. आता तो दाराजवळच्या खुंटीवर असतो आणि दर रविवारी बाहेर जातो. गच्चीतल्या दोरीवरून मला तो जाताना दिसतो. काय सांगू, मी अजूनही तसाच जळतो.

तरी एक विनंती आहे. ताई, त्याला उलटा करून धूत जा, आणि गार पाण्यात. माझ्या वेळी तुला ते माहीत नव्हतं, म्हणून माझा पंख गेला. कडक उन्हातही टाकू नकोस. जळणाऱ्याने खरं तर असलं काही सांगू नये. पण तुझ्या अंगावरचं चित्र आहे ते, आणि मला ते फुटायला नको आहे.