तोंडाने ओढायची नळी

मित्रांनो, मी फुटले नाही, म्हणून जुनी झाले. काचेच्या वस्तूला म्हातारपण येतं ते असंच.

मला पिपेट म्हणतात. तुमच्या फूटपट्टीएवढी लांब, आतून पोकळ अशी मी काचेची नळी आहे. माझ्या अंगावर मापाच्या बारीक रेघा होत्या. रक्त तपासायच्या खोलीत माझं काम असे. खालचं निमुळतं टोक रक्तात बुडवायचं, वरचं टोक ओठांत धरायचं आणि हळूच ओढायचं. रक्त रेघेवर आलं की चटकन वर बोट ठेवायचं. ओढणारा वेळेवर थांबला नाही, तर रक्त तोंडात जाणार, हे उघड होतं. पण त्या काळी सगळेच तसं करत.

नागपूरहून बसच्या टपावर, भुशाच्या पेटीतून मी आले. पांढुर्णा आणि सौंसर यांच्या मधल्या एका लहान दवाखान्यात माझा संसार सुरू झाला. तिथल्या तपासणीच्या खोलीत दत्तात्रय काम करत असे. त्याचं माप कधी चुकलं नाही. काचसामान धुणाऱ्या शांताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या दत्तूभाऊच्या जिभेले डोळे आहेत व माय!" ते ऐकलं की तो डोकं थोडं मागे करून, एक डोळा मिटून मला ओढत असे. कौतुक त्याचं होई, पण मलाही त्यातला वाटा मिळाल्यासारखं वाटे.

काम झालं की मला जंतुनाशकाच्या बरणीत उभं करत. ते पाणी रोज नवं करायचं असतं. आमच्याकडे कालच्याच पाण्यात थोडं औषध ओतत. उग्र वास आला की म्हणत, "मेले जंतू." जंतूंचं मला कळत नाही. पण मी त्यात उभी असे, म्हणून सांगते, बरणीच्या तळाशी गाळ होता.

मग एका उन्हाळ्यात जिल्ह्याहून नव्या नियमांचं परिपत्रक आलं. नळी तोंडाने ओढू नये. तपासणीच्या खोलीत खाऊ-पिऊ नये, लहान मुलं आणू नयेत. जंतुनाशक रोज ताजं करावं आणि बरणीवर त्याचं नाव लिहावं. सोबत लिंबाएवढे दोन रबरी फुगे आले होते. ते माझ्या वरच्या टोकाला बसवायचे, दाबायचे आणि सोडायचे. म्हणजे ओठांचं कामच नको.

दत्तात्रयने परिपत्रक भिंतीवर चिकटवलं आणि फुगे कापडात गुंडाळून कपाटात ठेवले.

"नवी वस्तू आहे, शांताबाई. रोज वापरली त खराब होईल. साहेब तपासणीले आले की काढू."

त्याची बायको रजनी दुपारी डबा घेऊन येई. ती बी.एस्सी. झालेली होती. कडेवर माला, त्यांची लहानगी. रजनी आली की आधी भिंतीवरचं परिपत्रक वाचत असे, मग नवऱ्याकडे पाहत असे.

"अहो, भिंतीवर लिहिलं काय आणि तुम्ही करून काय राहिले?"

"फुग्याने माप चुकते, रजनी. रिपोर्ट चुकला त पेशंटले काय सांगू?"

"आणि काविळीच्या माणसाचं रक्त तोंडात गेलं त?"

"आजपर्यंत नाही गेलं न!"

"गेलं की मले सांगा. मग मालाचा मुका घ्यायचा की नाही, ते मी ठरवीन."

शांताबाई खुदकन हसल्या. "बीएस्सी बायको केली न भाऊ, भोगा आता!"

दत्तात्रयही हसला. रजनी हसली नाही. घरी अंगणात साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय ती मालाला हात लावू देत नाही, अशी तक्रार त्याने शांताबाईंकडे केली, तेव्हा मी बरणीतच होते.

त्या वर्षी बोरगावकडून काविळीचे बरेच रोगी आले. एका दुपारी दत्तात्रयने अशाच एका रोग्याचं रक्त मोजलं, मला टेबलावरच्या ताटलीत आडवं ठेवलं आणि तो पुढच्या माणसाला हाक मारायला दाराशी गेला. रजनी टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडत होती. माला स्टुलावर उभी होती.

मालाने मला उचललं. डोकं थोडं मागे केलं. एक डोळा मिटायचा म्हणून दोन्ही मिटले आणि मला ओठांकडे नेलं. तिने मला उलटं धरलं होतं. रक्ताचं टोक वर होतं.

"माला!"

रजनीचा हात आला, डबा सांडला आणि मी पोळीवर पडले. म्हणून फुटले नाही.

मालाचं तोंड पुन्हा पुन्हा धुतलं गेलं. तिच्या ओठांना मी लागले होते का? रजनी विचारत होती, दत्तात्रय विचारत होता. मला विचारलं असतं, तरी सांगता आलं नसतं. टोकावरचं रक्त पोळीला पुसलं गेलं होतं.

त्याने कपाट उघडलं. उन्हाळ्याच्या तापाने दोन्ही फुगे एकमेकांना चिकटले होते. ओढून सोडवले, तर तडकले. साहेब तर आलेच नव्हते.

रजनी एवढंच म्हणाली, "कावीळ लगेच दिसत नसते." आणि मालाला घेऊन निघून गेली.

दत्तात्रयने बरणीतलं पाणी ओतून दिलं, गाळ खरवडला, नवं जंतुनाशक केलं. मग रबरी नळीच्या तुकड्याने माझ्या वरच्या टोकाला एक जुनी सिरिंज जोडली. आता ओठांऐवजी सिरिंजचा दट्ट्या रक्त ओढू लागला. सुरुवातीला माप सारखं चुकलं. बाहेर रोगी कुरकुरू लागले.

"दत्तूभाऊ, नवे शिकून राहिले का?" शांताबाईंनी विचारलं.

"हो बाई. तोंडाले सुट्टी दिली."

बरेच आठवडे डबा शांताबाई आणत. सोबत रजनीचा निरोप असे, "सकाळी उजेडात पाहिले. मालाचे डोळे पांढरे आहेत." निरोप ऐकेपर्यंत दत्तात्रय डब्याला हात लावत नसे. मग एक दिवस रजनी स्वतः आली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. डॉक्टरांनी मालाला तपासून काळजी मिटल्याचं सांगितलं होतं.

दत्तात्रयने मान खाली घालून सिरिंजचा दट्ट्या ओढला. कडेवरून माला पाहत होती. तिने एका मुठीत हवा धरली आणि दुसऱ्या हाताने हळूच दट्ट्या ओढल्यासारखं केलं. ओठ तिने मिटलेले होते.

मित्रांनो, पुढे मला कोणाचेही ओठ लागले नाहीत. आता माझ्या रेघा पुसल्या आहेत आणि मी खणात पडून असते. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या जिवासाठी आलेली वस्तू साहेबांसाठी जपून ठेवू नका. ती वापरून झिजू द्या. तुमच्याकडे पाहणारं कोणीतरी स्टुलावर उभं असतं.