आता मला विचारा

बाळांनो, जरा डोळे मिटा. कोर्टाची खोली आहे. पिंजऱ्यात तुमचे बाबा उभे आहेत. कुणीतरी एक कागद वाचून दाखवतंय, त्यात तुमच्या बाबांना चोर म्हटलंय. आणि म्हणणारा माणूस मात्र घरी आरामात बसलाय. कसं वाटेल?

ठिणगी नावाच्या मुलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिचे बाबा किल्ल्या बनवायचे. बाजारातलं घड्याळांचं दुकान फुटलं आणि समोरच्या शिंप्याने लिहून दिलं, ‘किल्लीवाल्याला कुलूप उघडताना पाहिलं.’ आता बाबांवर तुरुंगात जायची वेळ आली होती.

“शिंप्याला इथे बोलवा,” बाबांच्या वकीलबाई म्हणाल्या.

“सज्जन माणूस आहे तो. उगाच हेलपाटा कशाला?” सरकारी वकील म्हणाले.

“आणि माझा अशील काय हौसेने उभा आहे पिंजऱ्यात? कागदाला प्रश्न विचारता येत नाहीत, साहेब. शिंप्याला विचारल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

न्यायाधीशांनी शिंप्याला बोलावून घेतलं.

“चेहरा पाहिलात?” वकीलबाईंनी विचारलं.

शिंपी म्हणाला, “चेहरा नाही... पाठ दिसली. पण कुलूप निघेपर्यंत शीळ चालू होती. अशी शीळ किल्लीवालाच घालतो!”

ठिणगी ताडकन उठली. “साफ खोटं! कुलूप उघडताना बाबांच्या दातांत तार असते. हाक मारली तरी नुसतं ‘उं उं’ करतात!”

“मग हिचीही साक्ष घ्या,” वकीलबाई म्हणाल्या. न्यायाधीशांनी मान डोलावली. ठिणगीने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढून तेच पुन्हा सांगितलं.

सरकारी वकील हसले. “पोरगी बापाचीच बाजू घेणार. हिला काय विचारायचं? जा बाळ, उतर खाली.”

ठिणगीने कठडा घट्ट धरला. “नाही उतरणार. शिंपीकाकांना विचारलं, तसं मलाही विचारा. नाहीतर उद्या म्हणाल, पोरगी काहीही बरळली.”

“बरं बाई. कुणी पढवलं हे तुला?”

“कुणी नाही. शाळा सुटली की मी दुकानातच असते.”

“तार दातांत धरूनही शीळ घालता येत असेल की!”

ठिणगीने केसांतली पिन काढली, दातांत धरली आणि सगळा जोर लावला. फुस्स! इतक्या दिवसांत बाबा पहिल्यांदा हसले.

मग तिने सरकारी वकिलांच्या खिशाकडे बोट दाखवलं. “आता तुम्ही, काका. ते पेन धरा दातांत आणि घाला शीळ!”

आणि त्यांचा हात पेनाकडे जाईपर्यंत तिने कठडा सोडला नाही.