गोष्टीतला घोडा

आमच्या घराण्यात नाक मोठं असतं आणि चाळिशी उलटली की डोकं रिकामं व्हायला लागतं. नाक सगळ्यांना मिळतं, डोक्याचं तसं नाही. ते दुखणं साधारण निम्म्यांच्याच वाट्याला येतं. आमच्या डोंगरात त्याला सरळ ‘खूळ’ म्हणतात. माझी आई एकदा चुलीवर दूध ठेवून शेजारी गेली आणि स्वतःचंच घर विचारत परत आली. तिचा तो बिघडलेला जनुक माझ्यात उतरलाय की नाही, हे मला ठाऊक नाही.

मेदेयीन शहरातले डॉक्टर आम्हाला दरवर्षी बोलावतात, रक्त घेतात, यंत्रात डोकं घालायला लावतात. रक्तात काय निघालं ते मात्र सांगत नाहीत. जनुक असेल तर विशीतच मेंदू जास्त राबताना दिसतो म्हणे. माझा मेंदू राबताना आजवर कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे मी जरा निर्धास्त होतो.

भीती होती ती गोष्टीच्या परीक्षेची. डॉक्टरबाई छोटीशी गोष्ट वाचतात, ती आपण परत सांगायची. पूर्ण मार्क मिळाले म्हणजे आपण सुटलो, असं मी ठरवून टाकलं होतं. कॉपी करून पास झालो तरी आजार फसेल, हा माझा चोविसाव्या वर्षीचा हिशोब.

यंदा योर्लाडिसताईचा नंबर सकाळी होता, माझा दुपारी. ताई माझी मावसबहीण, छत्तीस वर्षांची. आई आजारी पडल्यावर हिनंच मला भरवलं आणि बदडलंही. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मक्याची भाकरी, आमचा अरेपा, खाता खाता तिनं मला सकाळी ऐकलेली गोष्ट शिकवली.

“नीट ऐक, ठोंब्या. ओतिलिया बाजारात जाते. घोडा विकायला. घोडा उधळतो, नदीत पडतो. मग तिचा भाऊ दोर टाकून त्याला बाहेर काढतो. म्हण!”

“घोड्याचा रंग?”

“पांढरा. रंग विसरू नकोस, त्याचे मार्क असतात. तुझ्या डोक्यात भुसाच आहे, पण दाबून भरला की बसतो.”

आत डॉक्टर मारिबेल वाचू लागल्या, “ओतिलिया बाजारात गेली...” आणि मी ऐकणं सोडून दिलं. पाठच होती ना! खिडकीत एक कबूतर होतं, त्याच्याकडे बघत बसलो. माझी पाळी आली तेव्हा हातवारे करून सगळं सांगितलं. दोर कसा फेकला तेही उभं राहून दाखवलं.

डॉक्टरांची पेन्सिल थांबली होती. “घोडा कुठून आला, दुवान?”

“बाजारातून.”

त्या हसल्या नाहीत. त्यांनी गोष्ट पुन्हा वाचली. ओतिलिया बाजारात निळं कापड घेते, तिची बस चुकते, कापडवाला तिला आपल्या ट्रकमधून घरी सोडतो. बस्स. नदी नाही, भाऊ नाही, घोडा तर नाहीच.

ताईनं माझी फिरकी घेतली असेल, असं वाटून मी क्षणभर खूश झालो. पण फिरकी घेताना ताईला हसू आवरत नाही, आणि बाकावर ती एकदाही हसली नव्हती. म्हणजे तिला खरंच तो घोडा आठवत होता.

“ही गोष्ट तुला कुणी सांगितली?” डॉक्टरांनी हळूच विचारलं. त्या बंद दाराकडे बघत होत्या. दारापलीकडे ताई बसली होती. सकाळी तिच्या तोंडून त्यांनीही हा घोडा ऐकला असणार.

“कुणी नाही. माझंच डोकं.”

“मग मला हे तुझ्या नावावर लिहावं लागेल.”

“लिहा. माझाच घोडा आहे.”

मार्कांसाठी कॉपी करायला आलेला मी, शून्य मागून घेऊन बाहेर पडलो.

ताई उठून उभी राहिली. “काय रे, आलं सगळं?”

“शब्दन् शब्द.”

“रंग?”

“पांढरा.”

“बघ! मी नसते तर तुझं काय झालं असतं?” असं म्हणत तिनं माझ्या हनुवटीवरचा अरेप्याचा चुरा पुसला.

मला रडू फुटत होतं, म्हणून मी जोरात नाक शिंकरलं. मोठ्या नाकाचा तेवढा एक उपयोग. त्यामागे बरंच काही लपतं.