प्रस्थान ठेवलेली बॅग

मी एक जुनी कॅनव्हासची बॅग आहे. माझा रंग पूर्वी हिरवा होता. आता तो कोणता आहे ते मला सांगता येत नाही, कारण डोंबिवलीत कोपरच्या एका घरात, न्हाणीघरावरच्या माळ्यावर माझा मुक्काम आहे आणि तिथे दिवा नाही.

मित्रांनो, मला ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका छोट्या दुकानात शिवले. शिवणारा माणूस दातांत दोरा धरून काम करी आणि कोणाशी फारसे बोलत नसे. त्याने माझ्या कोपऱ्यांना चामडे लावले, पितळी बकले बसवली आणि पट्टा धरून मला जोराचा हिसका दिला. "ही मालकाच्या आधी फाटायची नाही," एवढेच तो म्हणाला. ते खरे ठरले.

माझे मालक बाबुराव. ते मालवाहू जहाजावर खलाशांसाठी स्वयंपाक करत. त्यांच्याबरोबर मी पुष्कळ बंदरे पाहिली. रात्री ते मला उशाशी घेऊन झोपत. पण घरी आल्यावर ते बोलत ते एकाच जागेबद्दल, नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याबद्दल. तिथे काळे कडे सरळ समुद्रात उतरतात. झाड नाही. खडकांवर लाल लाकडी घरे आहेत आणि लाकडी मांडवांवर मासे वाळत घातलेले असतात. एकदा जहाज तिथे थांबले असताना बाबुराव मला खांद्याला लावून कड्याच्या टोकापर्यंत चालत गेले. परत येताना ते सारखे मागे वळून पाहत होते.

"अगं, तिकडेपण आपल्या बोंबलांसारखे मासे वाळत घालतात," ते बायकोला, कलावतीबाईंना, सांगत. "तुला एकदा नेऊन दाखवीन."

ते राहूनच गेले. बाबुराव निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. मला माळ्यावर टाकले. माझ्यात फाटक्या उशा आणि गणपतीतली दिव्यांची माळ कोंबली. माझ्या आतल्या खिशात पालीने अंडी घातली. मी तक्रार केली नाही. बॅगेच्या नशिबी हे असतेच.

मग यंदा त्यांच्या मुलाने, मितेशने ठरवले की आईला तो किनारा दाखवायचाच. रोज जेवण झाले की तो लॅपटॉप उघडून बसे. विमान, मग भाड्याची गाडी, मग बोट, मग पुन्हा गाडी. त्याची बायको शिवानी शेजारी बसून चुका काढी.

"इथे मुक्काम नको. फोटोत बघ, घराच्या मागे लगेच कडा आहे. आई उठून बाहेर गेल्या तर?"

"आई काय झोपेत चालते का?"

"थंडी किती असते रे तिकडे?" कलावतीबाईंनी विचारले.

"आई, फ्रिजमध्ये बसल्यासारखी."

"मग मी ह्यांचा स्वेटर घेते."

"तो उंदरांनी कधीच घेतला, आई," शिवानी म्हणाली. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी मला माळ्यावरून खाली काढले. शिवानीने चाकांची नवी बॅग आणली होती. ती कलावतीबाईंना पसंत पडेना.

"तिला वाट माहीत आहे का?" त्या म्हणाल्या. "ही एकदा तिथे जाऊन आलेली आहे."

सगळे ठरले आणि मग कळले की निघायच्या दिवशी अमावास्या आहे. तिकीट बदलता येत नव्हते. तेव्हा कलावतीबाईंनी जुना उपाय काढला. प्रस्थान ठेवायचे. मित्रांनो, तुम्हाला हे ठाऊक नसेल. निघायचा दिवस चांगला नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचे काही सामान, जायच्या दिशेला असलेल्या दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. मग प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असे धरतात.

"म्हणजे बॅग आधी जाणार आणि माणसं मागून?" शिवानी म्हणाली. "एअरलाइनला कळवू का तसं?"

"कळव. खिडकीची जागा माग तिच्यासाठी."

कलावतीबाईंनी माझ्यात आपली नेसती सुती साडी घडी करून ठेवली. वर मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड. उत्तरेकडच्या इमारतीत तळमजल्यावर रंभाकाकू राहतात. त्यांच्या घरात खिडकीखाली मला ठेवून कलावतीबाई परत आल्या.

त्याच संध्याकाळी कलावतीबाईंना ताप भरला. डॉक्टरांनी विमानाला मनाई केली. मितेशने प्रवास रद्द केला. धावपळीत मला परत आणायचे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही. रंभाकाकूही माजिवड्याला मुलीच्या बाळंतपणासाठी गेल्या. घराला कुलूप लागले.

त्या बंद घरात मी एकटी होते. पण माझे प्रस्थान ठेवलेले होते. मी निघालेली होते.

आधी वास आला. खाडीचा वास मला माहीत आहे, तो चिखलाचा आणि उबदार असतो. हा वास थंड होता. मग उत्तरेकडची भिंत दिसेनाशी झाली. माझ्याखाली फरशी नव्हती, गोटे होते. आणि कोणीतरी माझा पट्टा धरलेला होता. मी हात ओळखला. कलावतीबाई अनवाणी, त्याच सुती साडीत चालत होत्या. मासे टांगलेले मांडव मागे पडले. त्या रोज थोड्या पुढे जात. पुढे कडा होता. कड्याच्या टोकाला एक माणूस समुद्राकडे तोंड करून उभा होता. ती पाठ मी आयुष्यभर पाहिलेली होती.

इकडे घरात कलावतीबाईंचा ताप उतरला होता, पण अंग गरम होत नव्हते. हे मला नंतर शिवानीच्या बोलण्यातून कळले. जेवण जवळपास बंद झाले. डॉक्टरांना कारण सापडेना. पाय चेपताना शिवानीला त्यांच्या तळव्यांवर खरचटल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, आणि कलावतीबाई तर पलंगावरून उतरल्यासुद्धा नव्हत्या.

मग एका दुपारी रंभाकाकू परतल्या. त्यांनी दार उघडले आणि तिथूनच शिवानीला फोन लावला.

"शिवानी, अगं तुझ्या सासूची बॅग इथेच आहे. तिच्यातून पाणी गळतंय बघ."

"नळ चालू राहिला असेल, काकू."

"नळाचं पाणी खारट असतं का गं? तू ये आधी."

शिवानी आली. तिने माझी बकले उघडली. साडी पिळता येईल इतकी ओली होती. तांदळांच्या जागी काळी वाळू होती. शिवानीने ती चिमटीत धरून काकूंना दाखवली.

"प्रस्थान मोडलंच नाहीत तुम्ही," रंभाकाकू हळू आवाजात म्हणाल्या. "जायचं नसेल तर बोलावून परत आणावं लागतं. नाव घेऊन. नुसतं उचलून चालत नाही."

शिवानीने मला खांद्याला लावले. मी जड होते, एका माणसाइतकी जड. "आई, घरी चला," ती म्हणत राहिली. अंगणात म्हणाली, जिन्यात म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघू लागले, तरी ती थांबली नाही. घराच्या उंबऱ्यावर मात्र मी अडले. तिने ओढले, मितेशने ओढले, मी हलले नाही. तिकडे कड्यावर त्या माणसाने मान वळवली होती.

आतल्या खोलीतून कलावतीबाईंचा आवाज आला.

"थांब गं. ते एकटे आहेत तिथे."

मितेशने ओढणे थांबवले. शिवानी उंबऱ्यावरच उभी राहिली. ती रोजच्यासारखीच बोलली.

"कलावती बाबुराव, घरी या. त्यांना सांगा, सुनेने चहा टाकलाय. उकळून कडू झाला की तुम्ही मलाच बोलणार."

मग माझ्या पट्ट्यावरचा कलावतीबाईंचा हात सुटला. मी एकदम हलकी झाले आणि शिवानी तोल जाऊन घरात पडली. आतून कलावतीबाई म्हणाल्या, "आलं घालायला विसरू नकोस."

आता त्या बऱ्या आहेत. भाजी निवडतात, सुनेच्या चहाला नावे ठेवतात. साडी धुऊन वाळवली. वाळू खाडीत सोडली. मला पुसून पुन्हा माळ्यावर ठेवले.

पण मित्रांनो, त्या दिवशी हाक कलावतीबाईंना मारली होती. मीही निघालेली होते. बॅगेचे नाव घेऊन तिला घरात बोलावावे, हे कोणाला सुचले नाही. म्हणून मी अर्धी इथे आहे आणि अर्धी तिथे. माझे चामडे अजूनही अधूनमधून ओले होते. मितेशला वाटते, वरचा पाइप गळतो.

तुमच्या घरातही अशा वस्तू असतील. कोणाच्या तरी प्रवासासाठी काढलेल्या आणि तशाच विसरलेल्या. त्यांना धूळ पुसून ठेवा, आणि एकदा घरात ये म्हणा. त्या ऐकतात.

मलाही कोणी हाक मारावी असे फार वाटते. मात्र घाई करू नका. कलावतीबाईंचा हात सुटला तेव्हा तिकडे कड्यावर दुसऱ्या हाताने माझा पट्टा धरला. म्हातारा तिथे एकटा आहे, वारा मोठा आहे, आणि धरायला त्याच्याजवळ मीच आहे.