ती ओळ माझी होती

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. गंगापूर रोडवर एका डीटीपीच्या दुकानात मी कामाला आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, दुकानांची बिलबुकं, असलं टाइप करतो. कोणी शिकवलं नाही. मालक जेवायला गेला की मशीनवर बसायचो, तसं जमत गेलं. आताही गिऱ्हाईक नाही म्हणून लिहितोय. कोणी आलं की थांबेन.

सरळ सांगतो. माझ्यामुळे एका बाईचा डोळा गेला.

माझं नाव दानिएल. घरात आजोबांपासून सगळे ख्रिस्ती. आमची संगती, म्हणजे रविवारची प्रार्थनेची बैठक, शरणपूरला शांतवनकाकांच्या घरी भरते. पंचवीस-तीस माणसं, सतरंजीवर. काका नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत, बोलतात कमी. आणि नाथा माझा दोस्त. तो सायखेड्याचा, घरची मेथी-कोथिंबीर घेऊन नाशिकला यायचा. एकदा शिक्का बनवायला दुकानात आला आणि चहा पिता पिता दोस्तच झाला. मग एका रविवारी माझ्यासोबत संगतीला आला, तो येतच राहिला. त्याच्या घरात येशूला मानणारा तो एकटाच. आई कुसाबाई खंडोबाला हळद वाहते आणि पोराला रविवारी डबापण बांधून देते.

९९ साल होतं. जिकडेतिकडे तेच चाललेलं, कॉम्प्युटर बंद पडणार, जग बुडणार. मीपण पेटलो होतो. जुन्या पुस्तकांतून आकडे काढायचो, वहीत बेरजा मारायचो. काका म्हणायचे, "दान्या, तो दिवस कोणालाच सांगितलेला नाही. तुला काय वेगळं पत्र आलंय का?" मला वाटायचं काका म्हातारे झाले, यांच्यातली आग गेली.

ऑक्टोबरात काकांनी एक पत्रक हाताने लिहून दिलं, वाटायला. प्रभू येणार आहे, जागे राहा, एकमेकांना धरून राहा. एवढंच. मी ते टाइप केलं आणि शेवटी माझी एक ओळ घातली. 'हे वर्ष संपायच्या आत प्रभू येत आहे.' ठळक अक्षरात. खाली काकांचं नाव होतंच. तीनशे झेरॉक्स काढल्या आणि कोणाला न विचारता वाटूनपण टाकल्या.

गिऱ्हाईक आलं होतं. वास्तुशांतीचं कार्ड. गेलं. परत बसलो.

तर, काका पत्रक घेऊन दुकानात आले. "ही ओळ?"

"माझी."

"बरं. मग रविवारी सांग सगळ्यांना."

रविवारी मी खाली बघत बसलो. काकांनी थोडी वाट पाहिली. मग स्वतः उभे राहिले. "पत्रकातली शेवटची ओळ चुकीची आहे. पत्रक माझ्या नावाने निघालंय. मला माफ करा." खाली बसले. सगळ्यांना वाटलं ओळ काकांचीच.

नाथा त्या रविवारी नव्हता. गावात कांद्याची रोपं लावायचं काम होतं. पत्रक मात्र त्याच्या खिशात होतं.

त्याच सुमाराला सायखेड्यात डोळ्यांचं शिबिर झालेलं. कुसाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा जास्त. तिला ऑपरेशनचं कार्ड मिळालं, दिवाळीनंतर गाडी येऊन नाशिकला नेणार होती. नाथाने तिला पत्रक वाचून दाखवलं. म्हणाला, आई, दोन महिन्यांचा प्रश्न हाय, प्रभू आला की नवं शरीर, नवे डोळे, कशाला चिरफाड करून घेते? आणि ते कार्ड शेजारच्या झुंबरबाईला देऊन टाकलं. तिच्याही डोळ्यांत तेच होतं, तिचा नंबर लागला नव्हता.

हे सगळं त्याने मला हसत सांगितलं. मी म्हणालो, वा. वा म्हणालो मी.

काकांनी ओळ मागे घेतल्याचं त्याला पुढच्या महिन्यात कळलं. तोवर गाडी येऊन गेली होती. तरी तो म्हणाला, काका घाबरले असतील, एकतीस तारखेपर्यंत बघू. एक जानेवारीला सकाळी आमच्या गल्लीत दूधवाला आला. रोजच्यासारखा. मी पातेलं धरून दारात उभा, आणि तो म्हणतो, "धर ना नीट, सांडतंय."

एप्रिलात कुसाबाईचा उजवा डोळा लाल झाला. डोकं इतकं दुखायचं की ती उलट्या करायची. नाशिकला आणलं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आत पिकून फुटला, डोळ्यातला दाब वाढला, नजर गेली. पाच-सहा महिने आधी आला असता तर. मी नाथाच्या शेजारी बाकड्यावर बसलो होतो. त्याला चहा आणून दिला. तेव्हापण बोललो नाही.

झोप उडाली माझी. प्रभू येणार हे मी आजही मानतो. पण पूर्वी त्याने लवकर यावं म्हणून तळमळायचो, आता मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला तरी दचकतो. आत्ता नको, असं वाटतं. आत्ता आला तर काय सांगू?

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. काकी बिनमिठाची जाड पोळी करतात. ती हातोहात फिरते. स्वतः तोडून खायची नाही, शेजाऱ्याला तोडून द्यायची. आणि द्यायच्या आधी विचारायचं, "माझ्याविषयी मनात काही आहे का?" नाही म्हणाला की द्यायची. आहे म्हणाला तर पोळी तिथेच थांबते. दोघांनी ओट्यावर जाऊन बोलून यायचं, तोवर बाकीच्यांनी बसून राहायचं. एकदा दोन जावांनी दीड तास थांबवली होती, काकींचा भात गार झाला.

दोन जुलैला पोळी काकांच्या हातात होती आणि शेजारी नाथा. काकांनी विचारलं.

नाथा म्हणाला, "हाय."

"बोल."

"तुमी लिव्हलं, मी मानलं. माझ्या आईचा डोळा गेला, काका."

काका म्हणाले, "मला माफ कर, नाथा." माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

"नाय होत माफ," नाथा म्हणाला आणि चपला घालून गेला.

काकांनी पोळी फडक्यात गुंडाळून ठेवली. त्या दिवशी कोणीच घेतली नाही.

सगळे गेल्यावर मी काकांना म्हणालो, "तुम्ही का नाही सांगितलं त्याला?"

"तुझं सांगणं मी सांगून टाकलं तर तू काय सांगशील?" ते म्हणाले. "आणि लवकर सांग बाबा. नाथा परत नाही आला तर माझ्या मनाला लागेल."

मंगळवारी सुट्टी टाकली आणि सायखेड्याची एसटी पकडली. कुसाबाई ओट्यावर मेथी निवडत होती, बोटांनी चाचपून.

"कोन हाय?"

"मी, दानिएल."

"दान्या व्हय! ये. नाथा, तुझा शेहरातला आला रं! काय, काय म्हनतो तुमचा येशू? पत्ता नाय ना सापडला त्याला सायखेड्याचा?"

नाथा आतून आला. मी उभ्यानेच सांगितलं. ओळ माझी होती. काकांच्या कागदावर नव्हती. काकांनी माझं ओझं उचललं आणि मी उचलू दिलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तू दवाखान्यात माझ्या शेजारी बसला व्हता."

"हो."

"चहा पाजला मला. बिस्कीट बुडवून खाल्लं आपन."

"हो."

त्याने माझी कॉलर धरली. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण सोडली आणि ओट्याच्या कडेला जाऊन पाठ करून बसला. "त्या म्हाताऱ्याला मी सगळ्यांदेखत बोललो रं. सगळ्यांदेखत."

कुसाबाईचे हात थांबले होते. म्हणाली, "डोळा माझा गेला आन भांडन तुमचं चाललंय."

मी तिच्या पायाशी बसलो. "आई, मला माफ करा."

"करीन का नाय ते मंग बघू," ती म्हणाली. "वाईट तर वाटतंयच. ती झुंबरी सुईत दोरा ओवते आता. माझ्या कार्डावर! आन वर मलाच इचारते, कुसा, तुला दिसतंय का गं." मेथीची जुडी तिने माझ्याकडे सरकवली. "निवड. काड्या राहू देऊ नको."

मी निवडत बसलो. बऱ्याच वेळाने नाथापण येऊन बसला, पण माझ्याकडे न बघता.

"मी आत्ता माफ म्हननार नाय," तो म्हणाला. "तोंडानं म्हनलं तर खोटं होईल. रविवारी काकांकडं जातो. पाया पडतो. तू माझ्या शेजारी बसू नको."

"बरं."

"सगळ्यांसमोर सांगशील?"

"सांगेन."

सांगितलं. या रविवारी, उभा राहून. नाथा काकांजवळ बसला होता, मी दाराशी. जाताना तो दारात थांबला.

"सोळा ऑगस्टला आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन हाय. मला टमाट्याची गाडी भरायचीय. ती म्हनती, दान्याला घेऊन जाईन. माझं मत नाय, तिचं हाय."

"मी येतो. सायखेड्याहून घेऊन जातो. पट्टी सुटेपर्यंत तिथेच थांबतो."

"मालक सुट्टी देईल?"

"नाही दिली तर नोकरी सोडेन."

"आन मधीच प्रभू आला तर?" त्याने विचारलं. हसला नाही, पण ओठ जरा हलले.

"तर मी त्याला दवाखान्याच्या बाकड्यावर सापडेन, नाथा. तुझ्या आईजवळ. तिथून उठणार नाही, शब्द देतो तुला."