कानबाईची चाळणी

सगळ्यांना एकच चाळणी लावू, अनोळखी पत्त्यावरची ई-मेल परस्पर कचऱ्यात, असं नाशिकहून आलेला कॉम्प्युटरवाला म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. मी पितांबर, जळगावच्या पाइप कारखान्यात आवक-जावक कारकून. अख्ख्या कारखान्याला एक कॉम्प्युटर, एकच पत्ता. मेल आली की छापायची आणि ज्याची त्याला पोचवायची. अहो, तुरीची चाळणी उडदाला चालत नाही, इथल्या कुठल्याही डाळमिलमध्ये विचारा! मालकांना जाहिरात दिसली की कपाळाला आठी. खरेदीच्या साहेबांना मात्र जाहिरातीच हव्या, त्यातूनच त्यांना स्वस्त माल सापडतो.

आणि आमच्या चहा करणाऱ्या सुनंदाबाई? त्यांचा नवरा वना मस्कतला फिटर. पंधरा दिवसांनी मेल धाडायचा, इंग्रजी अक्षरांत अहिराणी, आणि दर वेळी नव्याच मित्राच्या पत्त्यावरून. मी वाचून दाखवायचो, बाई पदराआड हसायच्या.

त्याच्या पत्रात हमखास काय असतं, असं कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं. मी म्हटलं, माथ्यावर 'कानबाई माता प्रसन्न'. खान्देशी माणूस देवीचं नाव घातल्याशिवाय पत्र सुरू करतो होय? मग ठरलं, 'कानबाई' असेल ती मेल आत घ्यायची. स्वतःच्या अकलेवर मी भलताच खूश झालो.

श्रावणात घरोघरी कानबाई बसली. सुनंदाबाईंनीही बसवली, हिरव्यागार बांगड्या भरून कामावर आल्या. वनाची मेल कशी नाही, एवढं मात्र रोज विचारायच्या.

शनिवारी कचरा रिकामा करण्याआधी मी सवयीनं नजर टाकली. वनाच्या खोलीत राहणाऱ्या तोतारामचं पत्र होतं, आठ दिवसांपूर्वीचं. फोन लागत नाही, वना छातीत कळ येऊन गेला, वहिनींना सांगा. माथा कोरा. वाईट बातमीच्या पत्रावर देवाचं नाव घालत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. चाळणी लावताना आठवलं नाही, गाढव मी.

चहाच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं, वनाचं आणि माझ्या चुकीचंही. सुनंदाबाई पुष्कळ वेळ रडल्या. माझ्यापायी तुम्ही सुतकात देवी बसवली, असं म्हणता म्हणता मलाही हुंदका आवरेना. तेव्हा त्यांनीच डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या,

"रडू नका भाऊ. तुम्हनी चूकनी माले आठ दिन जास्त सवाशीन ठेवं."